७० हजारांत पहिला गेमिंग पीसी बांधतोय. कॅबिनेटसोबत मिळणारा एसएमपीएस चालेल का? आणि इंटेल घ्यावा की एएमडी?

नाही चालणार. इंटेल की एएमडी हा त्यानंतरचा प्रश्न आहे, आणि तुमच्या बजेटात तो फार मोठाही नाही.

तुम्ही लिहिलंय की दुकानदार कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, फुकट देतोय आणि वाचलेले चार हजार ग्राफिक्स कार्डात टाकायचे आहेत. हा हिशोब मी अकोल्यात माझ्या सख्ख्या मामाच्या तोंडून ऐकलाय, म्हणून लिहायला बसले. मामाचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. फिटिंग, इन्व्हर्टर, मोटार रिवाइंडिंग, सगळं करतो. त्यामुळे घरात विजेच्या विषयात त्याच्यापुढे कुणी बोलत नाही.

गोष्ट २०२२ च्या शेवटची. त्या सप्टेंबरात इथेरियम या क्रिप्टोचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद पडलं आणि दोन वर्षं आभाळाला टेकलेले कार्डांचे भाव खाली आले. मी शिकवण्या घेऊन पैसे साठवत होते, कारण मला आरटीएक्स ३०६० कार्डच हवं होतं. मामेभावालाही पीसी हवा होता. मामा म्हणाला, ओळखीचा दुकानदार आहे, दोघांचं एकदमच घेऊ. दुकानात माझी यादी मी दिली, तरी दुकानदार बोलत होता मामाशी. एसएमपीएसची ओळ आली तशी मामाने ती परस्पर खोडली. “अवं पोरी, वॅट म्हंजे वॅट असते. फुकटात भेटून रायला तं पैसे कायले टाकतं?”

मी तो फुकटचा डबा उलटा करून लेबल वाचलं. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. गुणाकार करा: १९२ वॅट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही आपली वीज जवळपास सगळी १२ व्होल्टच्या लाइनवरूनच घेतात. ३०६० ला १७० वॅट लागतात, माझ्या रायझेन ५ ५६०० प्रोसेसरला किमान ६५. झाले २३५, आणि बोर्ड, पंखे अजून मोजलेच नाहीत. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनींवर दाखवून बेरीज फुगवलेली असते, आणि गेमिंगच्या पीसीत त्या लाइनींवर तेवढा भार कधी येतच नाही. ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. वॅट म्हणजे वॅट हे खरंच आहे, पण कुठल्या लाइनवरचे ते मामाने विचारलंच नाही.

मामाचं म्हणणं, दुकानातला टॅलीचा कॉम्प्युटर असल्याच एसएमपीएसवर वर्षानुवर्षं चालतोय. चालणारच. त्यात ग्राफिक्स कार्ड नाही, तो शंभर वॅटही खात नसेल.

मी ऐकलं नाही. माझ्या पैशांतून ५५० वॅटचा ‘८० प्लस ब्राँझ’ एसएमपीएस, पाच वर्षांच्या वॉरंटीचा, वेगळा मागवला. मामा बरेच दिवस धड बोलला नाही. मामेभावाने फुकटचा लावला आणि नागपूरहून जुनं जीटीएक्स १६६० सुपर कार्ड आणलं. एसएमपीएसला कार्डाची ८ पिनची वायरच नव्हती. दुकानदाराने हार्ड डिस्कच्या दोन मोलेक्स वायरींना कन्व्हर्टर जोडून दिला. हे पाहिलं की तिथेच थांबायचं. ज्या एसएमपीएसला बनवणाऱ्याने कार्डाची वायर दिली नाही, तो कार्डासाठी बनवलेलाच नाही.

महिन्याभरात गेम सुरू केला की पीसी रिस्टार्ट व्हायला लागला. आधी विंडोज खराब म्हणून फॉरमॅट झालं. मग व्हायरस, मग रॅम. मे महिन्यात, अकोल्याच्या ४४-४५ डिग्रीत, एका संध्याकाळी फट्कन आवाज होऊन जळका वास सुटला. एसएमपीएस गेला आणि मदरबोर्डही सोबत घेऊन गेला.

मामा आजही म्हणतो, लाइटीचा दोष होता, नाहीतर कार्ड मायनिंगचं होतं. मामा, आपली दोन्ही घरं एकाच डीपीवर आहेत. व्होल्टेज माझ्याकडेही तसंच वरखाली झालं, माझा पीसी तसाच चालू आहे. आणि ते मायनिंगचं कार्ड नव्या एसएमपीएसवर आजही गेम चालवतंय. मेला तो फक्त फुकटचा डबा आणि त्याच्या नादी लागलेला बोर्ड.

तर यादी करताना उलटीकडून करा. ५५० किंवा ६५० वॅटचा नीट एसएमपीएस आधी लिहा, मग कार्ड, मग बाकीचं. नुसतं ‘८० प्लस’ बघून घेऊ नका. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, शॉर्ट झाल्यावर किंवा व्होल्टेज चढल्यावर डबा स्वतःहून बंद होईल का ते सांगत नाही. वॉरंटीची वर्षं बघा. कॅबिनेटला पुढून जाळी असू द्या, काचेचा दर्शनी भाग विदर्भ-मराठवाड्यात कामाचा नाही. आणि फुकटचा एसएमपीएस नको म्हणून सांगून त्याचे पैसे कॅबिनेटमधून कमी करून घ्या. ते होतात.

इंटेल-एएमडी: सहा कोरचा कुठलाही चालू पिढीचा प्रोसेसर घ्या, पैसे कार्डात टाका. पुढे नुसता प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड घ्या, एएमडीने त्या सॉकेटला २०२७ पर्यंत तरी आधार देऊ असं सांगितलंय. इंटेलचा आय५ १२४००एफ स्वस्तात मिळाला तर तोही उत्तम, पण त्याचा सॉकेट १४ व्या पिढीपाशी संपला. आठ जीबीची रॅम एकाऐवजी दोन लावा.

फक्त व्हॅलोरंट खेळायचं असेल तर हे बरंचसं लागू नाही. ५६००जी सारखा ग्राफिक्सवाला प्रोसेसर घेऊन कार्ड पुढे ढकला, एसएमपीएस मात्र आत्ताच चांगला घ्या. आणि एका गोष्टीत मामा शंभर टक्के बरोबर आहे: अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा. त्याशिवाय कितीही महाग एसएमपीएस लावला तरी त्या थांबणार नाहीत. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, गेम चालू असताना लाइट गेली तर त्यावर सेव्ह करून बंद करा, खेळत बसू नका.