त्यांचंही काही म्हणणं नसतं

आदरणीय माई,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. बारा वर्षं झाली. मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला प्रकल्पाच्या ग्रुपवर यादी पडली. तालुक्यातल्या सेविकांना पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप, शिकवायचा आणि शिकवणारी म्हणून माझं नाव, पुढे 'मास्टर ट्रेनर' असं लिहिलेलं. मला कोणी विचारलं नव्हतं. फोन नाही, पत्र नाही. आता आठवड्यातले दोन दिवस पंचायत समितीच्या सभागृहात जावं लागते. एसटीचं भाडं पदरचं, आणि स्वतःचे अहवाल रात्री जेवणं झाल्यावर भरायचे. मी पर्यवेक्षिका मॅडमना म्हटलं, "मॅडम, एकदा विचारायचं तरी होतं." त्या हसून म्हणाल्या, "अगं, तुला काय विचारायचं, तुझं कधी काही म्हणणं नसतं." तेव्हापासून डोकं ठणकून राह्यलं. नवरा म्हणतो, सरळ नाही म्हण. सासूबाई म्हणतात, साहेब लोकांशी वाकडं घेऊ नको. केंद्राची तशी काळजी नाही. त्या दिवशी मदतनीस बाई सांभाळून घेतात. टीएचआरवरून, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराच्या पाकिटांवरून, एक-दोन बायका त्यांना बोलल्या, पण निभलं. त्यांचंही काही म्हणणं नसतं. मी प्रशिक्षणाला नकार देऊ, की गप राहू?

– रात्रीचे अहवाल भरणारी

बाई गं,

मॅडमच्या ज्या वाक्यानं तुझं डोकं महिनाभर ठणकून राह्यलं, तेच वाक्य तू थोडं खाली मदतनीस बाईंबद्दल लिहिलंस. 'त्यांचंही काही म्हणणं नसतं.' वर तो 'ही' सुद्धा तुझाच. तुला विचारलं नाही म्हणून तू मला पत्र पाठवलंस. तिला तू विचारलं होतंस का? विचारलं असतंस तर पत्रात आलं असतं. म्हणजे नाही विचारलंस.

मॅडमचं आधी आटपून टाकते, त्यात फार काही नाही. त्या चुकल्या. रात्री ग्रुपवर यादी टाकून सकाळी माणूस कामाला जुंपायचा, ही आता रीतच होऊन बसली आहे. 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीणचे अर्ज तुम्ही घरोघरी बसून भरलेत, ते काय कोणी तुमची सवड विचारून सांगितलं होतं? अर्जामागे 50 रुपये कबूल केले होते, एवढंच. तुझं नाव यादीत का आलं तेही उघड आहे. तुला ट्रॅकर येतो आणि तू उलट बोलत नाहीस. तेव्हा लेखी आदेश माग, भाड्याचे पैसे माग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नवऱ्याचं आणि सासूबाईंचं म्हणणं सध्या खुंटीला टांग, दोघांपैकी कोणी केंद्रात बसत नाही.

आता मदतनीस बाई.

तुझ्या पत्रात मॅडम आहेत, साहेब लोक आहेत, नवरा, सासू, एसटीचं भाडंसुद्धा आहे. जिच्यासोबत रोज एका खोलीत काम करतेस तिला दीड-दोन ओळी, आणि त्याही केंद्राची काळजी नाही हे मला पटवायला.

तू सभागृहात माईक हातात घेऊन उभी असतेस त्या दिवशी तुझ्या केंद्रात काय चालते, ते मी सांगते. अंगणवाड्यांच्या ओसरीत मी पुष्कळ बसले आहे. पोरं गोळा करून आणायची, झाडझूड, खिचडी, ताटं घासणं हे तिचं रोजचं काम. त्यावर तुझं. गाणी-गोष्टी, वजनं, एएनएम म्हणजे नर्सबाई आली तर तिच्यापुढे रजिस्टर, दारात आलेल्या गरोदर बाईची विचारपूस. आत गॅसवर पातेलं आणि ओसरीत पंधरा-वीस पोरं. त्यातलं एखादं तीन वर्षांचं आत धावलं, तर एकटी बाई डाव सोडून त्याला धरणार की बाहेरच्यांना सांभाळणार? चटका बसला तर गाव कोणाच्या दारात जाईल? कागदावर त्या दिवशीही केंद्र तुझ्याच नावावर आहे. तिच्याकडे तर साधी चिठ्ठीही नाही, आज केंद्राचा कारभार हिच्याकडे म्हणून.

आणि टीएचआर. 'एक-दोन बायका बोलल्या, पण निभलं.' काय बोलल्या ते तू लिहिलं नाहीस, कारण तुला माहीत नाही. मी अंदाज करते. 2025 पासून टीएचआर द्यायचा तर आधी बाईचा चेहरा ट्रॅकरवर जुळवावा लागते. ट्रॅकरचं लॉगिन तुझ्या नंबरवर, नंबर तुझ्या फोनात आणि फोन सभागृहातल्या प्रोजेक्टरला लावलेला. पाकिटं खोलीत थप्पीनं रचलेली दिसून राह्यली आणि मदतनीस म्हणते, "आज नाही, परवा या." सातव्या महिन्याची बाई, उन्हातून आलेली, ती काय म्हणेल? "काहून? तुमच्या घरचं हाये का?" म्हणेल. घरी न्यायला ठेवली म्हणेल. आपल्याकडे बायका बोलायला लागल्या की काय काय बोलतात ते तुला माहीत आहे. हे सगळं तिनं ऐकून घेतलं, आणि तू त्याच वेळी चाळीस सेविकांना चेहरा कसा जुळवायचा ते शिकवत होतीस.

यालाच तू निभलं म्हणतेस.

तू म्हणशील, मी काय तिची साहेब आहे? आहेस. तिच्यापुरती तूच साहेब. तिच्या हजेरीचं रजिस्टर तुझ्या कपाटात असते, तिच्याबद्दल वर काय सांगायचं ते तूच सांगतेस. तू मॅडमना नाही म्हणू शकली नाहीस, मग ती तुला कशी म्हणेल? मानधनाचंही सांगते. 2024 च्या ऑक्टोबरातल्या वाढीनंतर सेविकेला 13,000 आणि मदतनिसाला 7,500. तू नसतेस त्या दोन दिवशी दोघींची कामं ती त्या 7,500 मध्येच करते. तुझी तक्रार काय होती? जास्तीचं काम, न विचारता, पैसा नाही. तिचीही शब्दशः हीच आहे, फरक एवढाच की तिला माईला पत्र लिहायला रात्री वेळ उरत नसावा.

अंगणवाडीची ही योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी सुरू झाली, त्यात आपल्या मेळघाटातलं धारणी होतं. तेव्हापासून केंद्राची मांडणी सेविका आणि मदतनीस अशी दोन बायकांची आहे. दोघींचं काम एकीनं ओढायचं अशी ती मांडणी नाही. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्रॅच्युइटीचा हक्क दिला तो सेविका आणि मदतनीस दोघींना, एकाच निकालात. आणि डिसेंबर 2023 मध्ये तुम्हा सेविका-मदतनिसांचा संप सुरू झाला, तो थेट जानेवारी संपत आला तेव्हा मिटला. त्या थंडीत तुमच्या तालुक्यातून मोर्च्याला गाडी गेली असेल तर तीही गेली असेल, तुझ्याच सीटवर टेकून. तिथे तिचं म्हणणं होतं. घोषणा देऊन घसा बसेपर्यंत होतं. मग केंद्रात परतल्यावर ते गेलं कुठे? गेलं नाही, तू विचारलं नाहीस.

एक अजून. दिवाळी झाली, वेचणी सुरू झाली. यवतमाळ जिल्हा आहे, तुझ्या गावात कापूस असणारच. केंद्र सुटल्यावर ती वेचणीला जाते का? मला माहीत नाही, पण मी पैज लावायला तयार आहे की तुलाही नक्की माहीत नाही. जात असेल तर तिची मजुरी किलोवर. तू असतेस त्या दिवशी ती वेळेत निघते. तू नसतेस त्या दिवशी ताटं घासून, खोली आवरून, टीएचआरवाल्या बायकांची समजूत काढून निघते, तोवर बाकीच्या बायकांचं अर्धं गाठोडं भरलेलं असते. तुझं एसटीचं भाडं तू पत्रात लिहिलंस, तिची बुडालेली मजुरी कोणी कुठे लिहिली?

म्हणून नकार द्यायचा की गप राहायचं, या तुझ्या प्रश्नाला मी हातच लावत नाही. तू आधी एकच कर. तिच्या घरी जा. केंद्रात नको, तिथे ती मदतनीस असते आणि तू सेविका. फोनवर तर मुळीच नको. तिच्या ओट्यावर बस आणि तुझं गाऱ्हाणं सुरू करू नकोस, मॅडम काय म्हणाल्या ते तर अजिबात नाही. सरळ विचार, "मावशी, त्या दिवशी टीएचआरवरून बायका तुम्हाला काय बोलल्या?" पहिल्यांदा ती म्हणेल, "काही नाही बाई, चालते." तू मान डोलावून उठू नकोस. ते 'चालते' तूही बारा वर्षं मॅडमना म्हणत आली आहेस, त्याचा अर्थ तुला माझ्यापेक्षा चांगला कळतो. बसून राहा. चहा आला तर घे. मग विचार की मी नसते तेव्हा सगळ्यात जड काय जाते, आणि कोणता वार तुम्हाला नकोच आहे.

ती जे सांगेल ते तिच्यासमोर कागदावर उतरव. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज तिथूनच तयार होतो. मला वाटते त्यात एवढं तरी येईल: प्रशिक्षणाचा आदेश लेखी द्या, तारखा टीएचआर वाटपाच्या आणि लसीकरणाच्या दिवशी ठेवू नका, मी नसेन त्या दिवशी शेजारच्या सेविकेकडे केंद्राचा कार्यभार लेखी द्या, प्रवासखर्च द्या. पण मला वाटते त्याला किंमत नाही. ती वेगळं काही म्हणाली तर ते सगळ्यात वर लिही, आणि तिच्याच शब्दांत लिही, 'सदर मदतनीस यांना अडचण होत असून' असली भाषा करून त्याचं भुसकट करू नकोस. खाली दोघींच्या सह्या. कार्यालयात दोघी मिळून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या. एकट्या सेविकेची कुरकुर मॅडम हसण्यावारी नेतील. एका केंद्रातल्या दोघींचा सहीचा अर्ज फायलीला लागला की त्यावर कोणाला तरी काहीतरी लिहावंच लागते.

आणि तिनं तुला चार शब्द सुनावले तर ऐकून घे. मॅडमना तू जे सुनवायचं म्हणत होतीस ना महिनाभर, तेच असेल.

आजच जा, पण दिवेलागणीनंतर. वेचणीचे दिवस आहेत, त्याआधी ती घरी सापडायची नाही. प्रशिक्षणाला नकार द्यायचा की नाही, ते तिच्याशी बोलून झाल्यावर मला विचार. तोवर मी उत्तर देणार नाही.

– माई