आधी आईला विचार

प्रिय बाळा,

परवा तू आमच्या ज्येष्ठ नागरिक निवासात आलास, दरमहा किती भरावे लागतात, लिफ्ट चालते का, रात्री-अपरात्री डॉक्टर येतो का, सारे वहीत टिपून घेतलेस आणि निघताना मला विचारलेस, "काका, आईला इथे ठेवले तर लोक काय म्हणतील?" तुझी तगमग पाहून मला रात्री झोप लागली नाही. पण त्या तासाभरात आई काय म्हणते, हे तू एकदाही सांगितले नाहीस. लोकांचे सोड. आधी आईला विचार.

वडील गेल्यावर मी माझ्या आईला म्हार्दोळच्या घरातून पणजीच्या फ्लॅटमध्ये आणले. विचारले नाही, आणले. तिचे एकही औषध मी चुकवले नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगेन. तरी दर गणेशचवथीला ती आंबाडे, तोरंजन, सुपारीचा घोस अशी, गणपतीच्या वर फळाफुलांची बांधतात त्या माटोळीची एकेक वस्तू बोटांवर मोजायची आणि त्या घरी यंदा माटोळी कोण बांधणार, असे विचारायची. घराला कुलूप होते. मी विषय बदलत असे.

म्हणूनच, मुलगा नको म्हणत असताना, मी इथे आपणहून आलो. मुलाने टाकले, असे लोक समजतात. ते खोटे आहे. इथे जेवणाची घंटा पाळावी लागते, शेजारची खोली रिकामी झाली की आठवडाभर घास उतरत नाही. पण हे मी निवडले आहे, म्हणून मला सोसते.

घर विकून अनामत भरायचे म्हणालास. आपल्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, पती-पत्नीच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो, आणि २०१२ च्या वारसा कायद्यानेही तो राखला आहे. तेव्हा तिची सही तुला घ्यावीच लागेल. अरे, सही मागशील, मग मन का विचारत नाहीस?

ती म्हणेल, "तुला बरे वाटेल ते कर." ते उत्तर नव्हे, पुन्हा विचार. चवथ झाली की तिला दोन दिवस घेऊन ये, पाहुण्यांच्या खोलीचे मी बोलून ठेवतो. तिला इथे जेवू दे, इथल्या बायकांशी बोलू दे, आणि त्या वेळी तू तिथे थांबू नकोस.

तुझा,
काका