अमेरिकेत एमएस करताना इंटर्नशिपसाठी युनिव्हर्सिटीच्या करिअर सेंटरचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण लवकर गेलात तर. समर इंटर्नशिपची भरती बऱ्याच मोठ्या कंपन्या आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच सुरू करतात आणि आपली मुलं तेव्हा अपार्टमेंट आणि बँक अकाउंटच्या गडबडीत असतात, मग जानेवारीत जाग येते.

मी पहिल्याच महिन्यात रेझ्युमे घेऊन गेले होते. तिथल्या बाईंनी पेन घेऊन फोटो, जन्मतारीख, दहावीचे मार्क सगळं काढायला लावलं आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट वर आणला. अर्ध्या तासाचं काम, फुकट (म्हणजे फीमध्ये धरलेलंच असतं, वापरा ना!). मॉक इंटरव्ह्यूपण घेतात, तो तर सोडूच नका.

हँडशेकवर (युनिव्हर्सिट्या वापरतात ती नोकरी-इंटर्नशिपची साइट) प्रोफाइल पूर्ण भरा, सीपीटी (शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) आणि ओपीटी (आपल्या विषयातलं काम करायची परवानगी, बहुतेक जण डिग्रीनंतर वापरतात) चालणाऱ्या जागा तिथे फिल्टर करून बघता येतात.

फक्त एक, सीपीटीची परवानगी करिअर सेंटर देत नाही, ती इंटरनॅशनल ऑफिसकडून, ऑफर लेटर दाखवून घ्यायची आणि नवीन आय-२० (स्टुडंट व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) हातात आल्याशिवाय एक दिवसही काम करायचं नाही. फुल टाइम सीपीटी १२ महिने झाली की त्या डिग्रीची ओपीटी जाते, तेवढं सांभाळा.