पानगळ कोणती, ते आधी ओळख

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा दाजीपूर अभयारण्याच्या रस्त्यावरचे फोटो दाखवताना तुझा गळा दाटून आला होता. फाल्गुनातलं रान, उघड्या फांद्या, खाली पाचोळ्याचा थर. "सर, जंगल मरतंय आणि कुणाला पडलेली नाही," म्हणालीस. घरात पाहुणे होते, नीट बोलणं झालं नाही. म्हणून हे पत्र.

तुझी तळमळ खरी आहे, ती जप. पण त्या फोटोंतली बहुतेक झाडं ठणठणीत आहेत. ऐन, किंजळ, नाणा ही पानगळीची झाडं. उन्हाळा तोंडावर आला की पानं टाकतात, पाणी राखतात आणि पावसाच्या आधी पुन्हा पालवतात. कुंभ्याची पानं गळण्याआधी तांबडीलाल होतात. पांगारा, सावर तर पानं टाकूनच फुलतात. यात दुखणं काहीच नाही.

काळजीचं झाड तुझ्या फोटोत आहे, पण तू ते टिपायला गेलीच नव्हतीस. नाण्याच्या पांढुरक्या खोडामागे, डाव्या कोपऱ्यात एक जांभूळ आहे. फोटो मोठा करून त्याचा शेंडा बघ. वरच्या फांद्या वाळून काटक्या झाल्यात. डेऱ्याच्या मधोमध आभाळ दिसतंय. उरलेली पानं फक्त फांद्यांच्या टोकांना, झुबक्या-झुबक्यांनी. जांभूळ आणि अंजनी ही सदाहरित झाडं, त्यांचा डेरा इतका विरळ दिसता कामा नये. शेजारचा ऐन पूर्ण उघडा असून निरोगी, आणि हे निम्मं हिरवं असून आजारी. हा फरक डोळ्यांत बसला की मग जंगलाविषयी लिही.

हीच चूक मी तुझ्या वयात केली होती. आश्विनात एक सागाची लागवड पाहिली, अख्खी तपकिरी. एक पान तोडून उन्हात धरलं, तर मधला हिरवा गर सगळा खाल्लेला, शिरांची तेवढी जाळी शिल्लक, आणि जाळीतून पलीकडचा डोंगर दिसत होता. मी हादरलो. ही लागवड संपली असं लिहून टाकलं आणि ते छापूनही आलं. पुढच्या आषाढात गेलो तर तीच झाडं सुपाएवढ्या पानांनी भरलेली.

नंतर केरळातल्या निलंबूरच्या सागावर झालेलं काम वाचलं, तेव्हा उलगडा झाला. सागाला पानं खाणाऱ्या मुख्य अळ्या दोन. एक पावसाच्या सुरुवातीला कोवळी पालवी फस्त करते. झाड महिनाभरात पुन्हा हिरवं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काही झाल्याचं कळतही नाही. पण निलंबूरच्या तरुण लागवडीत या अळीमुळे लाकडाची वाढ सुमारे ४४ टक्क्यांनी घटलेली आढळली. दुसरी ती जाळी करणारी. तिचं काम दिसायला भयंकर, पण तिने वाढीत म्हणावी अशी घट केलेली दिसली नाही. कारण ती येते तोवर पानाचं वर्षाचं काम होत आलेलं असतं, थोड्या दिवसांत ते गळणारच असतं. मी ज्याला मरण समजलो ते किरकोळ होतं, आणि खरं नुकसान हिरवाईखाली झाकलं गेलं होतं. म्हणून पान कधी गेलं, हे किती गेलं याइतकंच महत्त्वाचं आहे. तारखेशिवाय फोटो काढू नकोस.

जर्मनीत १९८०च्या दशकात आम्लपावसाने जंगलं मरणार अशी मोठी भीती होती. १९८४ पासून तिथे दरवर्षी झाडांच्या डेऱ्याची पाहणी होते, आणि १९८५ पासून युरोपभर त्यासाठी एक पद्धत आहे. पाहणारा दुर्बीण घेऊन शेंडा नीट दिसेल इतका लांब उभा राहतो. त्याच जातीचं, त्याच भागातलं पूर्ण भरलेलं झाड नजरेसमोर ठेवतो आणि याची पानं किती कमी आहेत ते पाच-पाच टक्क्यांच्या पायरीने लिहितो. १० पर्यंत ठीक, २५ पर्यंत इशारा, त्यापुढे नुकसान, ६० पुढे गंभीर. भीती होती तशी जंगलं सरसकट मेली नाहीत, पण वह्या बंद झाल्या नाहीत. २०१८ पासून लागोपाठ दुष्काळ पडले, सालीखालच्या भुंगेऱ्यांनी स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या राईच्या राई वाळवल्या, आणि २०२० च्या पाहणीत डेरा विरळ न झालेली झाडं जेमतेम २१ टक्के निघाली. आम्लपावसाच्या धास्तीने सुरू केलेली वही दुष्काळ मोजायला कामी आली. मागची छत्तीस वर्षं लिहिलेली होती, म्हणून हे साल किती वाईट ते सांगता आलं.

आपल्याकडे भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी येतो. २०२३ च्या अहवालात देशाच्या २१.७६ टक्के भूभागावर वनाच्छादन आहे. तू हा आकडा खोटा म्हणालीस. तो खोटा नाही, तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. एक हेक्टर किंवा अधिक जमीन, तिच्यावर झाडांचं १० टक्के किंवा अधिक छत्र, की ते वनाच्छादन. मालकी कुणाचीही असो, झाड कोणतंही असो. त्यामुळे ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड आणि दाजीपूरचं अंजनी-जांभळाचं जुनं रान एकाच रकान्यात बसू शकतं. छत्र किती आहे ते उपग्रह सांगतो. त्या छत्राखालचं जांभूळ शेंड्याकडून का वाळतंय, हे कळायला पायीच जावं लागतं.

तर पायी जा. अभयारण्यात आत जायचं तर परवानगी घे. पण सुरुवात गावाजवळच्या देवराईपासून केलीस तर बरं, आधी तिथल्या जाणत्यांना विचारून. वीसच झाडं निवड, चांगली-वाईट दोन्ही. खिळे ठोकू नकोस, नकाशा काढून खुणा ठेव. उभं राहायची जागा ठरव आणि दरवेळी तिथूनच बघ. मैत्रिणीला सोबत ने. दोघींनी एकमेकींना न दाखवता टक्के लिहा, मग ताडून बघा. सुरुवातीला बराच फरक पडेल, घाबरू नकोस, नजर तयार होते. पानं वरून गेलीत, आतून, की एकाच बाजूने, ते लिही. बांडगूळ आहे का, बुंध्याशी अळंबी उगवलीय का, साल सुटलीय का, बघ. आणि कोयत्याची खूण चुकवू नकोस. तरवा, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायला ऐनाच्या फांद्या तोडतात. ती झाडं नुसत्या खांबासारखी दिसतात आणि नवखा माणूस कीड शोधत बसतो. धनगरवाड्यावर एखादे आजोबा भेटले तर बस त्यांच्यापाशी. कोणती फांदी कोणत्या वादळात मोडली, ते त्यांना ठाऊक असतं.

त्या जांभळाकडे मात्र देवराईची वाट न बघता आधी जा. पाऊस लागायच्या आत, वैशाखात. ज्या जागेवरून फोटो काढलास तिथेच उभी राहा आणि शेंडा, मधला भाग, बुंधा असे तीन फोटो घे. मग दसऱ्यानंतर पुन्हा. माझी जुनी दुर्बीण कपाटात आहे, रविवारी येऊन घेऊन जा. येताना कोरी वही आण, पहिल्या पानावर झाडाची जागा आणि तारीख आपण मिळून लिहू.

तुझे,
सर