पोलीस स्टन गन फार पटकन काढतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की परदेशातले पोलीस ऊठसूट स्टन गन, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार, चालवताना दिसतात, त्यात तथ्य किती, आणि उद्या आपल्या पोलिसांच्या हाती ती दिली तर काय होईल. मी सोलापूरच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. तेव्हा माझं मत कुठं झुकलेलं असणार ते आधीच धरून चाला.

हो, फार पटकन काढतात. पोलीस मुळात क्रूर असतात असं मला म्हणायचं नाही. या वस्तूने वेळ वाचतो आणि मागे फारशी खूण राहत नाही. या दोन सोयी एकत्र मिळाल्या की कुठल्याही खात्यातला माणूस ती वापरणारच.

ऑनलाइन मिळणारी, तडतड आवाज करणारी झटक्याची बॅटरी म्हणजे टेझर, पोलीस वापरतात ती स्टन गन, नव्हे. टेझरमधून तारा जोडलेले दोन बारीक काटे सुटतात. दोन्ही नीट लागले की साधारण पाच सेकंद विजेचे झटके बसतात, स्नायू आखडतात आणि माणूस ओंडक्यासारखा आडवा होतो. तो 50,000 व्होल्टचा गाजलेला आकडा हवेतली फट ओलांडण्यापुरता असतो, अंगात त्याच्या कितीतरी कमी पोचतो. बरेचदा खरी इजा होते ती पडण्याने, कारण हात टेकवून सावरता येत नाही आणि डोकं थेट फरशीवर आपटतं. हृदयाचं म्हणाल तर छातीवर नेम धरायचं टाळा, असं बनवणाऱ्या कंपनीनेच 2009 साली सांगितलं. जाड, ढगळ कपड्यात काटे अडकले तर झटका बसतही नाही. थंडीत सोलापुरी चादर गुंडाळून बसलेल्या आमच्या माणसावर ती कितपत चालेल, शंकाच आहे.

पिस्तुलाला पर्याय म्हणून ही वस्तू पोलिसांच्या गळी उतरवली गेली. गोळी घालण्यापेक्षा झटका बरा, हे कोणीही मान्य करील. पण जिथं गोळी घालायचा विचारही कोणी केला नसता, तिथंही ती निघते. 2007 मध्ये कॅनडात व्हँकूव्हर विमानतळावर रॉबर्ट झेकान्स्की हा पोलंडचा माणूस कित्येक तास अडकून पडला होता. इंग्रजी येत नाही, आई भेटत नाही, त्यामुळे बिथरलेला. पोलीस आले आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास त्याला झटका दिला, मग पुन्हा पुन्हा, एकूण पाच वेळा. तो तिथंच मेला. हातात काय होतं, तर स्टेपलर. पुढे चौकशी आयोगाने टेझरचा वापर समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष काढला. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियात कूमा गावच्या वृद्धाश्रमात क्लेअर नाउलंड या 95 वर्षांच्या, स्मृतिभ्रंश झालेल्या आजीबाई एका हातात सुरी घेऊन वॉकरच्या आधाराने चालत होत्या. त्यांच्यावर टेझर चालवली, त्या पडल्या, डोक्याला मार बसला आणि आठवड्याभरात गेल्या. त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं, तुरुंगवास मात्र झाला नाही. वॉकर घेतलेल्या बाईपासून दोन पावलं मागे सरायला किती वेळ लागतो?

आता आपल्याकडे या. बीटवरच्या हवालदाराकडे सहसा पिस्तूल नसतंच. हातात काठी असते, नाहीतर तोंड. मग इथं टेझर आली तर ती गोळीची जागा घेणार नाही. घेईल ती काठीची, किंवा बोलण्याची.

ते बोलणं काय असतं ते मी एका अशिलाच्या घरी पाहिलंय. पूर्व भागात, यंत्रमागाच्या कारखान्यालगतच्या खोलीत त्याचा धाकटा भाऊ लोखंडी गज घेऊन दारात उभा होता. औषधं बंद केलेली, झोप नाही, जवळ येईल त्याच्यावर गज उगारायचा. दोन पोलीस आले. तरुण शिपाई म्हणाला, "दोन फटके टाकू की ओ, लगेच सरळ होईल." हवालदाराने त्याला गप्प केलं, टोपी काढून काखेत धरली आणि समोरच्या पायरीवर बसकण मारली. मग तेलुगूत सुरू झाला. जेवलास का, माग कुणाचा, मालक पगार वेळेवर देतो का. मधेच आईकडून पाणी मागून घेतलं, स्वतः अर्धं प्यायला आणि तांब्या पुढे सरकवला. पाऊण तास तरी गेला असेल. शिपाई दहा वेळा घड्याळ बघत होता. शेवटी पोराने तांब्या घ्यायला गज भिंतीला टेकवला आणि दोघांनी त्याला हलकेच धरून सिव्हिलला नेलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या कलम 100 चा रोखही असाच आहे, अशा माणसाला संरक्षणात घ्या आणि डॉक्टरकडे पोचवा. त्या शिपायाच्या कमरेला टेझर असती तर पाऊण तास कोण थांबला असता?

दुसरी गोष्ट पेट्रोलची. 26 जानेवारी, 15 ऑगस्टला कलेक्टर कचेरीपुढं आत्मदहनाचे इशारे आपल्याला नवे नाहीत. अंगावर पेट्रोल ओतलेल्या माणसापाशी ठिणगी म्हणजे काय ते सांगायला नको. 2013 मध्ये इंग्लंडातल्या प्लिमथला तेच झालं. टेझर चालवली, माणूस पेटला आणि पुढे दगावला. अशा वेळी आपले पोलीस पाण्याची बादली आणि घोंगडी घेऊन धावतात, त्याला लोक हसतात. मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं.

आणि खुणेचं. काठीचा वळ दिसतो. डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने घातलेल्या नियमांप्रमाणे अटकेच्या वेळी अंगावरच्या लहानमोठ्या जखमा नोंदवायच्या असतात, म्हणून दाखवायला वळ उपयोगी पडतो. टेझर मात्र काटे न सोडता नुसती अंगाला टेकवूनही चालते. त्यात स्नायू आखडत नाहीत, फक्त वेदना होतात, आणि मागे राहिले तर दोन लालसर ठिपके. दुसऱ्या दिवशी कोर्टात "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" असं विचारल्यावर माझा अशील काय दाखवणार, डास चावल्याची खूण?

याला उतारा यंत्रातच आहे. कळ कधी दाबली, किती सेकंद दाबून धरली, हे टेझर स्वतः नोंदवते. इंग्लंडात डेलियन ॲटकिन्सन या माजी फुटबॉलपटूला 2016 मध्ये सलग 33 सेकंद झटका दिला होता. तो दगावला, आणि 2021 मध्ये त्या पोलिसाला आठ वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यात हे 33 सेकंद फार मोलाचे ठरले. तेव्हा उद्या आपल्याकडे खरेदीची बातमी आली तर किंमत विचारत बसू नका. ही नोंद अटकेच्या कागदांना जोडणार का, आणि आरोपीच्या वकिलाला तिची प्रत मागावी लागणार की आपोआप मिळणार, एवढं विचारा.