बालवाडीच्या मोठ्या गटात एका आठवड्यात मुले नेमके काय शिकतात?

आपली मुलगी मोठ्या गटात आहे, घरी आल्यावर "आम्ही मातीत खेळलो" एवढेच सांगते आणि वही मात्र कोरी असते. तेव्हा वर्गात आठवडाभर शिकवतात तरी काय, असे आपण विचारले आहे. मी सांगलीत मोठ्या गटाला शिकवते, म्हणून माझ्याच वर्गातील या आठवड्याविषयी लिहिते.

हा बेंदराचा आठवडा आहे. राज्यात बहुतेक ठिकाणी श्रावण अमावास्येला पोळा असतो. आपल्याकडे मात्र आषाढातच बेंदूर येतो आणि घरोघरी मातीचे बैल पूजले जातात. म्हणून सोमवारी आम्ही चिकणमाती आणली. मुलांनी ती चाळली, थोडे थोडे पाणी घालून मळली, तिचे गोळे केले, वळ्या वळल्या आणि बुधवारपर्यंत प्रत्येकाचा एकेक बैल उभा राहिला.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर या मळण्यातच आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मनगटातील लहान हाडांची वाढ अजून पूर्ण झालेली नसते आणि बोटांच्या स्नायूंत पेन्सिल बराच वेळ धरण्याइतके बळ आलेले नसते. अशा हाताला पानेच्या पाने गिरवायला लावली, तर बोटे दुखतात, पेन्सिलची पकड चुकीची बसते आणि ती पुढे कित्येक वर्षे सुटत नाही. शिंगासाठी मातीची बारीक वळी करताना अंगठा आणि पहिली दोन बोटे जे काम करतात, तेच काम त्यांना पुढे पेन्सिल धरताना करायचे असते. त्यामुळे माझ्या दृष्टीने हा लेखनाचाच पाठ आहे.

पहिल्या दिवशी बऱ्याच बैलांचे पाय वाकले, कारण माती सैल झाली होती. मी काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलाने आपण होऊन कोरडी माती मिसळली आणि बाकीच्यांनी त्याचे पाहून तसेच केले. उन्हात ठेवलेल्या बैलांना भेगा पडल्या आणि सावलीतले शाबूत राहिले, हेही त्यांनीच शोधून काढले.

भाषेत या आठवड्यात 'ब' आहे. ग, म, भ, न ही वळणाने जवळची अक्षरे आधी झाली. 'व' येत असल्यामुळे त्याच्या पोटात तिरकी रेघ दिली की 'ब' होतो, हे मुलांना पटकन उमगते. 'बैल' हा शब्द मात्र आम्ही लिहून घेत नाही, कारण मात्रा अजून शिकवलेल्या नाहीत. बादली, बाजरी, बांगडी असे शब्द ऐकून आरंभीचा ध्वनी ओळखणे या टप्प्यावर पुरेसे आहे. गणितात जोडी ही कल्पना घेतली: तीन जोड्यांचे बैल किती, दोन बैलांचे पाय किती. उत्तरे मुले बैल समोर ठेवून, बोट लावून मोजून देतात.

परिसरातील वस्तूंतून शिकवण्याची ही रीत नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला माती, पाने, बिया घेऊन हेच काम उभे केले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही 3 ते 8 वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. तरीही पालक वहीची पाने मोजतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुलीला "आज काय शिकलीस?" असे विचारण्याऐवजी "तुझ्या बैलाची शिंगे कशी केलीस?" असे विचारून पाहावे; ती बराच वेळ सांगत राहील. आणि घरी कणीक मळताना तिला एक गोळा द्यावा.