'नेट न्यूट्रॅलिटी': समानता, तटस्थता की मोफत इंटरनेट?

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने कोणत्याही साइट किंवा अ‍ॅपच्या मजकुरात भेदभाव करू नये, या तत्त्वाला 'नेट न्यूट्रॅलिटी' म्हणतात. प्रश्न असा आहे: तिला मराठीत 'इंटरनेट समानता' म्हणावे की 'तटस्थता'? आणि 'मोफत', 'मुक्त', 'खुले' इंटरनेट हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

'समानता' टाळावी. त्यातून सगळ्यांना सारखा वेग मिळावा अशी मागणी असल्याचा समज होतो. 100 एमबीपीएसचे कनेक्शन घेणाऱ्याने 40 वाल्यापेक्षा जास्त पैसे मोजले तर त्यात काही गैर नाही. दिवसाचा 2 जीबी डेटा संपल्यावर वेग 64 केबीपीएसवर आला तरी तत्त्व मोडत नाही, कारण तो सगळ्याच साइटसाठी उतरतो. तत्त्व मोडते ते कंपनी आतला मजकूर कोणाचा हे पाहून वेगळे वागते तेव्हा. एका अ‍ॅपचा व्हिडिओ मुद्दाम अडखळत ठेवायचा आणि दुसऱ्याचा सुरळीत सोडायचा, किंवा एकाचा डेटा मोजायचा आणि दुसऱ्याचा नाही, असा हा प्रकार.

म्हणून 'तटस्थता' बरोबर. मात्र कोणाची, ते वाक्यात आले पाहिजे. 'इंटरनेट तटस्थ असावे' म्हटले की तिथला मजकूर निःपक्षपाती असावा असाही अर्थ निघतो. 'इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी मजकुराबाबत तटस्थ राहावे' या वाक्यात अशी शंका उरत नाही. टिम वू या कायद्याच्या अभ्यासकाने 2003 मध्ये ही संज्ञा रूढ केली, तेव्हाही रोख मजकूर वाहून नेणाऱ्या कंपन्यांच्या वागणुकीवरच होता. 'नेट'चे 'निव्वळ' करून 'निव्वळ तटस्थता' लिहिणे ही तर सरळ चूक.

आता 'मोफत' आणि 'मुक्त'. इंग्रजीत दोन्हींना 'फ्री' चालते आणि भारतातला सगळा झगडा याच शब्दाभोवती फिरला. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू केलेली योजना पुढे 'फ्री बेसिक्स' झाली. ठराविक साइट बिनपैशाने, बाकीच्यांना डेटा विकत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी इथल्या एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला: त्याला या योजनेतून हवामानाची माहिती मिळते, मग विरोध कशाला? विरोधकांचे म्हणणे होते की त्या शेतकऱ्याने कोणती साइट पाहावी हे कंपनीने का ठरवावे? मराठीत हा वाद एका ओळीत मांडता येतो: ते मोफत होते, मुक्त नव्हते. ही सोय आपल्या भाषेत आहे, ती वापरावी. 'फ्री इंटरनेट' लिहून तो घोळ मराठीत आणू नये.

ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने 8 फेब्रुवारी 2016 रोजी काढलेल्या विनियमांनीही हीच रेषा आखली. मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी. मोडल्यास दिवसाला 50 हजार, जास्तीत जास्त 50 लाख रुपये भुर्दंड. पण संपूर्ण इंटरनेट उघडेल असा थोडा डेटा कोणी मोफत दिला, तर हरकत नाही. म्हणजे 'मोफत'वर बंदी नव्हतीच. लक्षात घ्या, विनियमांच्या शीर्षकात 'न्यूट्रॅलिटी' हा शब्दच नाही. तिथे 'भेदभावकारक दर' अशा अर्थाचे शब्द आहेत. बातमीत किंवा निवेदनात मी तेच सुचवीन: मथळ्यात 'नेट न्यूट्रॅलिटी' राहू द्या, लोकांना ते कळते, मजकुरात 'भेदभाव' हा शब्द आणा. 'झीरो रेटिंग'ला 'शून्य दर' म्हटल्याने फारसे उमगत नाही, 'डेटा मोजणीत न धरणे' लगेच कळते. 'थ्रॉटलिंग' म्हणजे 'वेग मुद्दाम उतरवणे'. यातला 'मुद्दाम' गाळू नये, कारण गर्दीमुळे वेग आपोआपही उतरतो.

'खुले इंटरनेट' ही 'नेट न्यूट्रॅलिटी'हून रुंद संज्ञा. अमेरिकेत 2015 च्या नियमांना हेच नाव होते. ते 2017 मध्ये रद्द झाले, एप्रिल 2024 मध्ये नव्याने आले आणि जानेवारी 2025 मध्ये अपील न्यायालयाने ते रद्दबातल ठरवले. सरकारने एखाद्या जिल्ह्यात इंटरनेट बंद केले, तर खुलेपणाला धक्का बसतो. पण तिथे 'नेट न्यूट्रॅलिटीचा भंग' लिहू नये. सगळेच बंद असते, तेव्हा कंपनीने कोणात डावे-उजवे केलेले नसते. त्यासाठी 'इंटरनेटबंदी' हा सरळ शब्द आहे.